नैरोबी ते लागोस : विमानाने अंतर किती, वेळ किती? आणि माझी चुकलेली वजाबाकी



आज आपण आफ्रिका खंडातल्या दोन शहरांमधलं हवाई अंतर कसं काढायचं आणि तेवढं अंतर जायला विमानाला किती वेळ लागतो ते पाहणार आहोत. शहरं आहेत केनियाची राजधानी नैरोबी आणि नायजेरियातलं सगळ्यात मोठं शहर लागोस. (लागोस ही नायजेरियाची राजधानी नाही हे लक्षात ठेवा. १९९१ पासून राजधानी अबुजा आहे. स्पर्धा परीक्षेत हा प्रश्न हमखास चकवतो.)

आता तुम्ही म्हणाल, पिंपळगाव बसवंतला राहून आपल्याला नैरोबी-लागोसचं काय करायचंय? आपल्याला टोमॅटोचा भाव कळला म्हणजे झालं. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पण मागच्या वर्षी आमच्या सातवीच्या वर्गात हा प्रश्न पुस्तकातून नाही, एका मुलीच्या घरातून आला, आणि मी त्याचं उत्तर चुकीचं दिलं. त्या चुकीमुळे एका घरातली म्हातारी आजी दोन तास देवासमोर बसून राहिली. म्हणून हा पाठ जरा सविस्तर लिहिते आहे.

झालं असं. त्या मुलीचे काका नैरोबीला नोकरीला आहेत. पॉलिहाऊस आणि ठिबकचं काम. आपल्या भागातली द्राक्षबागेत वाढलेली पोरं शेतीचं शिक्षण घेऊन कुठे कुठे पोचली आहेत याचं मला नेहमी कौतुक वाटतं. केनियात नैवाशा तळ्याच्या काठी गुलाबाचे मोठमोठे मळे आहेत आणि तिथली फुलं विमानाने युरोपला जातात. आपली द्राक्षं मात्र कंटेनरमधून बोटीने जातात. असो. तर काकांना कंपनीच्या कामासाठी पंधरा दिवस लागोसला जायचं होतं. त्यांनी तिकिटाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. मुलगी शुक्रवारी चिठ्ठीवर वेळा लिहून घेऊन आली : शनिवारी नैरोबीहून सकाळी ७ वाजता निघणार, लागोसला १० वाजता पोचणार.

"मॅडम, काका विमानात किती वेळ असतील? आजी विचारतेय. विमानात असले की त्यांचा फोन लागत नाही ना."

मी फळ्यावर लिहिलं, १० वजा ७ बरोबर ३. तीन तास. वर्गाने टाळ्या वाजवल्या नाहीत एवढंच. पुढे मुलीने स्वतःच हिशेब केला. केनियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं हे त्यांच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, कारण काकांना फोन करायचा तर ते बघावंच लागतं. तिथले सकाळचे ७ म्हणजे आपले साडेनऊ. त्यात तीन तास मिळवले की साडेबारा. "आजी, साडेबाराला काकांचा फोन येईल," असं तिने घरी सांगितलं.

साडेबारा वाजले, फोन नाही. एक वाजला, नाही. दीड वाजता तिच्या पप्पांचा मला फोन आला, "मॅडम, विमान तीनच तासांचं आहे ना?" आवाजावरूनच कळत होतं की घरात काय चाललं असेल. मी तिकिटाचा फोटो मागवला, नीट पाहिला आणि डोक्यात प्रकाश पडला. तिकिटावरची ७ ची वेळ नैरोबीच्या घड्याळातली होती आणि १० ची वेळ लागोसच्या घड्याळातली. दोन वेगवेगळ्या घड्याळांतल्या वेळांची मी वजाबाकी केली होती. मी लगेच फोन करून सांगितलं की विमान अजून हवेतच असेल, अडीचच्या आधी ते उतरणारच नाही. तीनच्या सुमाराला काकांचा फोन आला. आजीने तोवर जेवण केलं नव्हतं.

सोमवारी मी वर्गात आधी माझी चूक सांगितली, आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून हा हिशेब पहिल्यापासून केला. तोच खाली देते.

आधी अंतर

अंतर काढायचे सोपे मार्ग दोन. एक दोऱ्याचा, दुसरा अक्षांश-रेखांशांचा. पण त्याआधी एक सांगते, भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी लावून अंतर मोजू नका. पृथ्वी गोल आहे आणि कागद सपाट. संत्र्याची साल सोलून टेबलावर सपाट करायला जा, एकतर ती फाटते किंवा ताणावी लागते. नकाशा बनवणारे ती ताणतात. आपल्या ओळखीच्या बऱ्याच नकाशांत विषुववृत्ताजवळचा भाग साधारण खऱ्या मापाचा राहतो आणि ध्रुवांकडचा भाग फुगतो. म्हणून त्या नकाशांवर ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळजवळ सारखे दिसतात. खरं क्षेत्रफळ पाहा : ग्रीनलंड सुमारे २१.६६ लाख चौरस किलोमीटर, आफ्रिका सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर. म्हणजे आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड बसतील. आपला भारत ३२.८७ लाख चौरस किलोमीटर. असे नऊ भारत आफ्रिकेत मावतात! वर्गात हे सांगितलं तेव्हा मुलांचा विश्वास बसेना. त्यांच्या डोक्यात आफ्रिका म्हणजे एक देश असल्यासारखं होतं. "काका आफ्रिकेतल्या आफ्रिकेत तर चाललेत, किती लांब असणार?" असं एकजण म्हणालाच. आफ्रिकेत ५४ देश आहेत, आणि नैरोबी खंडाच्या पूर्वेकडे तर लागोस पश्चिमेच्या किनाऱ्यावर.

आता दोरा. शाळेतला पृथ्वीगोल घ्या. आमच्या गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर आहे. परीघ म्हणजे व्यास गुणिले ३.१४, आला ९४.२ सेंटिमीटर. खऱ्या पृथ्वीचा विषुववृत्तावरचा परीघ ४०,०७५ किलोमीटर. भागाकार करा : गोलावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे साधारण ४२५ किलोमीटर. दोऱ्याचं एक टोक नैरोबीवर धरा, दुसरं लागोसवर नेऊन दोरा ताणून धरा आणि पेनाने खूण करा. मग पट्टीवर मोजा. आमचं आलं ९ सेंटिमीटर. ९ × ४२५ = ३,८२५ किलोमीटर.

ताणलेला दोरा गोलावर आपोआप सगळ्यात जवळचा रस्ता धरतो, विमानंही शक्यतो तोच रस्ता धरतात. दोरा ढिला ठेवला तर अंतर वाढतं, आणि खूण करताना दोरा सरकला तर पन्नासेक किलोमीटरची चूक सहज होते. आमच्या एका गटाचं उत्तर ४,१०० आलं होतं, कारण त्यांनी लोकरीचा धागा घेतला होता. लोकर ताणली जाते. शिवणाचा दोरा घ्या.

दुसरा मार्ग गणिताचा, आणि ही दोन शहरं त्यासाठी फार सोयीची आहेत, कारण दोन्ही विषुववृत्ताजवळ आहेत. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर (४०,०७५ ला ३६० ने भागून पाहा). अक्षांशाचा एक अंशही सगळीकडे साधारण १११ किलोमीटरच.

नैरोबीचा विमानतळ १.३ अंश दक्षिण, ३६.९ अंश पूर्व. लागोसचा ६.६ अंश उत्तर, ३.३ अंश पूर्व.

रेखांशांतला फरक : ३६.९ − ३.३ = ३३.६ अंश. गुणिले १११ म्हणजे सुमारे ३,७३० किलोमीटर.

अक्षांशांतला फरक काढताना अर्धा वर्ग चुकला. ६.६ वजा १.३ केलं. अरे, एक शहर विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे आणि दुसरं उत्तरेला! रस्त्याच्या एका बाजूला तुमचं घर, दुसऱ्या बाजूला मित्राचं, तर रस्त्यापासूनची दोन्ही अंतरं मिळवावी लागतील ना? ६.६ + १.३ = ७.९ अंश. गुणिले १११ म्हणजे सुमारे ८७७ किलोमीटर.

म्हणजे काका पश्चिमेकडे ३,७३० किलोमीटर आणि उत्तरेकडे ८७७ किलोमीटर सरकले. हा झाला काटकोन त्रिकोण. सातवीत पायथागोरसचा सिद्धांत आहेच. ३,७३० चा वर्ग अधिक ८७७ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ काढा. उत्तर येतं सुमारे ३,८३२ किलोमीटर. दोऱ्याने ३,८२५, गणिताने ३,८३२. दोन वेगळ्या वाटांनी जाऊन आपण एकाच ठिकाणी पोचलो की मला अगदी बरं वाटतं. मुलांनाही वाटलं असावं.

पण ही सपाट त्रिकोणाची युक्ति सगळीकडे लावू नका. विषुववृत्तापासून जसजसे लांब जाल तसतशा रेखावृत्तं एकमेकांजवळ येतात, मोसंबीच्या फोडींसारख्या. आपल्या पिंपळगावी, म्हणजे २० अंश उत्तरेला, रेखांशाचा एक अंश १०४-१०५ किलोमीटरचाच भरतो. ६० अंशांवर तो निम्मा होतो. तिथे दोराच बरा.

खाली काय काय लागतं?

नैरोबीहून उडालं की आधी खचदरी, मग व्हिक्टोरिया सरोवर, मग युगांडा. त्यानंतर येतं काँगोचं जंगल, आणि ते तासाच्या वर संपतच नाही. काँगो नदी मोठं वळण घेते त्या भागावरून हा रस्ता जातो. ही नदी विषुववृत्त दोनदा ओलांडते, एकदा उत्तरेकडे जाताना आणि एकदा परत दक्षिणेकडे वळताना. पुढे कॅमेरून आणि मग नायजेरिया. आपल्याकडे जसा मुंबई-आग्रा महामार्ग सरळ गावावरून जातो तसा नैरोबी-लागोस सरळ महामार्ग मधल्या जंगलामुळे नाही. म्हणून आफ्रिकेत पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचं तर विमान ही चैन राहत नाही, गरज होते. तरीही थेट विमानं कमी. पुष्कळ लोक इथिओपियाच्या अदिस अबाबाला जाऊन विमान बदलतात. दोरा लावून पाहा : नैरोबी ते अदिस सुमारे १,१६० आणि अदिस ते लागोस सुमारे ३,९२०, म्हणजे ५,०८० किलोमीटर. बाराशे किलोमीटरचा वळसा. आफ्रिकी देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाश मोकळं करायचं असं १९९९ मध्ये यामुसुक्रो इथे ठरवलं, पण अंमलबजावणी फार सावकाश चालली आहे. काकांना थेट विमान मिळालं हे नशीबच.

आता वेळ

अंतर भागिले वेग बरोबर वेळ. हे तुम्हाला पाचवीपासून येतं. या मार्गावर जाणाऱ्या मध्यम आकाराच्या प्रवासी विमानाचा उंचावरचा वेग ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास असतो. ३,८३० ÷ ८३० = ४.६१ तास.

इथे थांबा! ४.६१ तास म्हणजे ४ तास ६१ मिनिटं नव्हे. दरवर्षी निम्मा वर्ग हे लिहितो. दशांश चिन्हापुढचा भाग तासाचा आहे, त्याला ६० ने गुणायचं. ०.६१ × ६० = सुमारे ३७. म्हणजे ४ तास ३७ मिनिटं.

मग काकांना एवढाच वेळ लागेल का? पिंपळगाव ते नाशिक ३० किलोमीटर. एसटी ताशी ६० ने धावते असं धरलं तर अर्ध्या तासात नाशिक यायला हवं. कधी आलंय का? स्टँडमधून बाहेर निघायला वेळ, थांबे, नाशिकमध्ये शिरताना गर्दी. तास जातोच. विमानाचंही असंच आहे. जागेवरून हललेलं विमान आधी जमिनीवर चालत धावपट्टीपर्यंत जातं, तिथे रांग असली तर थांबतं. उडाल्यावर दहा-अकरा किलोमीटर उंची गाठायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि त्या वेळात वेग कमी असतो. उतरताना तर अर्धा तास आधीपासून वेग कमी करत आणतात. उतरल्यावर पुन्हा चालत जाऊन उभं राहणं. तिकिटावर छापलेली वेळ ही जागेवरून हलल्यापासून जागेवर उभं राहीपर्यंतची असते. म्हणून ४ तास ३७ मिनिटांत साधारण वीस-पंचवीस मिनिटं मिळवा. पाच तास! तिकीट आणि गणित जुळलं.

नैरोबीच्या विमानतळाबद्दल एक गंमत सांगते. तो समुद्रसपाटीपासून सुमारे १,६२४ मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई किती? १,६४६ मीटर. म्हणजे विमान जवळपास कळसूबाईच्या टोकावरून उडतं आणि लागोसला समुद्राच्या कडेला उतरतं. उंचावर हवा विरळ, त्यामुळे विमानाला उचलून धरायला जास्त वेग लागतो, आणि तो वेग यायला धावपट्टी लांब लागते. नैरोबीची धावपट्टी चार किलोमीटरच्या वर आहे.

वाऱ्याचा परिणाम होतो का? होतो, पण इथे फार नाही. आपल्याकडून लंडनला जाताना उंचावरचा जोरदार पश्चिमी वारा समोरून येतो म्हणून जायला जास्त वेळ आणि यायला कमी, तासाभराचा फरक सहज पडतो. विषुववृत्ताजवळ उंचावर एवढे जोरदार वारे नसतात. म्हणून नैरोबी-लागोस जाता-येता साधारण पाच तासच धरा.

आणि आता माझ्या चुकीकडे परत. मी वर्गात तीन तास म्हणाले तेव्हा एक भागाकार केला असता तरी चूक लगेच कळली असती. ३,८३० ÷ ३ = ताशी १,२७७ किलोमीटर. त्या उंचीवर आवाजाचा वेग ताशी १,०६०-१,०७० किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे मी काकांना आवाजापेक्षा वेगाने पाठवत होते! आवाजापेक्षा वेगाने जाणारं काँकॉर्ड हे प्रवासी विमान २००३ मध्येच बंद झालं. आपल्या डोक्यावरून ओझरची लढाऊ विमानं जातात. ओझरचा एचएएलचा कारखाना १९६४ मध्ये मिग विमानांसाठी सुरू झाला, पुढे तिथे सुखोई-३० बनू लागली. तीन तासांत लागोस गाठायचं तर काकांना ओझरचं सुखोई लागलं असतं, आणि त्यालाही मध्ये इंधन भरावं लागलं असतं, कारण एका टाकीत ते सुमारे ३,००० किलोमीटरच जातं. मुलांना हे उदाहरण इतकं आवडलं की आता कोणाचं उत्तर अव्वाच्या सव्वा आलं की मागून आवाज येतो, "सुखोई, सुखोई!"

दोन घड्याळं

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. पूर्वेकडच्या गावात सूर्य आधी उगवतो. नैरोबी आणि लागोस यांच्यात ३३.६ अंश. गुणिले ४ म्हणजे सुमारे १३४ मिनिटं, २ तास १४ मिनिटं. सूर्याचा फरक एवढा. पण प्रत्येक गावाने आपापलं सूर्याचं घड्याळ लावलं तर गोंधळ होईल, म्हणून देश एक प्रमाणवेळ ठरवतात. केनिया ग्रिनिचच्या ३ तास पुढे, नायजेरिया १ तास पुढे. फरक २ तास. आपण साडेपाच तास पुढे, कारण आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरली आहे. आपलं पिंपळगाव ७४ अंशांवर आहे, म्हणजे साडेआठ अंश मागे. साडेआठ गुणिले चार, ३४ मिनिटं. आपल्या गावाचा सूर्य भिंतीवरच्या घड्याळापेक्षा साधारण ३४ मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. खोटं वाटत असेल तर मैदानात काठी रोवा आणि बाराच्या ठोक्याला सावली खरंच सगळ्यात आखूड असते का ते पाहा.

तर काकांचा प्रवास एकाच घड्याळात मांडू. कुठलंही घ्या, पण एकच. आजीचं घेऊ. नैरोबीचे ७ म्हणजे आपले ९.३०. लागोसचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, म्हणून लागोसचे १० म्हणजे आपले दुपारचे २.३०. साडेनऊ ते अडीच, पाच तास. एवढंच होतं. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात, कारण प्रवाशाला विमानतळावर तिथलंच घड्याळ दिसणार असतं.

येतानाचं तिकीट पाहून मुलं आणखी चक्रावली. लागोसहून सकाळी ११ ला निघून नैरोबीला संध्याकाळी ६ ला पोच. वजाबाकी केली तर सात तास! जाताना तीन, येताना सात. मग आम्हाला एक युक्ति सापडली. तीन आणि सात मिळवा, दहा. त्याचं निम्मं पाच, हा खरा प्रवास. सातातून तीन वजा करा, चार. त्याचं निम्मं दोन, हा घड्याळांतला फरक. जायला आणि यायला सारखाच वेळ लागत असेल तेव्हाच हे चालतं, वारा मध्ये आला तर उत्तर थोडं हलतं.

याच्या उलट उदाहरण कैरो आणि जोहान्सबर्गचं. दोऱ्याने १४.७ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ६,२५० किलोमीटर, नैरोबी-लागोसच्या दीडपटीहून जास्त. विमानाला आठेक तास लागतात. तरी हिवाळ्यात दोन्ही शहरांची घड्याळं अगदी सारखी असतात, कारण दोन्ही शहरं जवळपास एकाच रेखावृत्तावर आहेत, एक वर आणि एक खाली. तिथे माझी वजाबाकी बरोबर आली असती. घड्याळ किलोमीटरने बदलत नाही, पूर्व-पश्चिम सरकल्याने बदलतं. (हिवाळ्यात का म्हटलं? इजिप्तने २०२३ पासून उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करायला पुन्हा सुरुवात केली आहे.)

जाता जाता थोडा इतिहास

आपल्या लोकांनी आफ्रिकेची वाट विमानाने धरली त्याच्या आधी मुंबई ते मोंबासा असा प्रवास बोटीने व्हायचा, आठवड्याहून जास्त. १८९६ ते १९०१ मध्ये मोंबासापासून आत व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून तीस हजारांहून अधिक मजूर गेले ते असेच. नैरोबी हे शहरच मुळात त्या रेल्वेच्या मुक्कामाभोवती वाढलं. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं, तेव्हा त्याचा पहिला थांबा आफ्रिकेत, कैरोला होता. त्याच वर्षी औंध संस्थानचे राजपुत्र आप्पासाहेब पंत भारताचे पूर्व आफ्रिकेतले पहिले आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. आणि १९५० मध्ये एअर इंडियाची मुंबई-नैरोबी विमानसेवा सुरू झाली, एडनमार्गे. एडनला थांबून जाण्याने अंतर किती वाढायचं ते आम्ही दोऱ्याने काढलं. फक्त तीन-साडेतीनशे किलोमीटर. पण त्या काळच्या विमानांचा वेग ताशी पाचशेच्या आसपास. म्हणजे नुसतं उडण्यातच साडेनऊ-दहा तास, शिवाय एडनचा थांबा. तेव्हाच्या आज्यांनी किती वाट पाहिली असेल, तेही घरात फोन नसताना. आज नैरोबीत महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतो, आणि मुंबईहून थेट विमान आहे.

काकांच्या घरी मी नंतर एकदा गेले होते. आजींनी चहा केला, रागावल्या नाहीत. त्यांच्या देवघराशेजारी आता नातीने एक पुठ्ठा लावलाय. त्यावर तीन घड्याळं काढली आहेत : पिंपळगाव, नैरोबी, लागोस. पिंपळगावच्या घड्याळात १२ वाजलेत, नैरोबीच्या साडेनऊ आणि लागोसच्या साडेसात. आजींना आकडे वाचता येतात, एवढं पुरतं.

आता तुम्ही एक सोडवा. काका दिवाळीला घरी येणार आहेत, नैरोबीहून मुंबईला थेट. पृथ्वीगोलावर दोरा १०.७ सेंटिमीटर भरतो. विमान ताशी ८३० किलोमीटरचं धरा, वर-खाली होण्याची आणि जमिनीवरची पंचवीस मिनिटं मिळवा. विमान नैरोबीहून तिथल्या दुपारी २ वाजता निघणार आहे. मुंबईला उतरल्यावर सामान घेऊन बाहेर यायला तास धरा. आजींनी फोनची वाट किती वाजल्यापासून पाहायची, आणि काका रात्री किती वाजता पिंपळगावच्या वाटेला लागतील? वजाबाकी करायच्या आधी दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणा. उत्तर आल्यावर वेग काढून पाहा, सुखोई निघालं तर पुन्हा करा.